मावशी काहीच करत नव्हती

वाफेच्या प्रेसखाली उजवा हात सापडला तेव्हा मावशी अडतीस वर्षांची होती. आमच्या शर्टांच्या कारखान्यात ती कॉलर दाबायचं काम करायची. हात तुटला नाही, पण जखमा भरल्यावर मधली तीन बोटं आत वळली ती तशीच राहिली. अंगठा आणि करंगळी तेवढी हलायची. कारखान्याने तिला घरी बसवलं नाही, आणि या मोठ्या मनाचं कौतुक मॅनेजरसाहेबांनी स्वतःच बरेच दिवस केलं. तिला हलकं काम दिलं. हलकं म्हणजे पाळणाघर.

अमुक इतक्या बायका कामाला असल्या की त्यांच्या मुलांसाठी एक खोली ठेवायची, असा नियम होता. कॅन्टीनच्या मागे पूर्वी दोऱ्याच्या रिळांचे रिकामे खोके पडायचे, ती खोली आमच्या वाट्याला आली होती. एक खिडकी, एक नळ, मोठ्या माणसांच्या कमरेएवढं टेबल, आणि दीड ते पाच वर्षांची अठरा मुलं. ज्याने कोणी हे काम हलकं ठरवलं त्याने अठरा मुलं सोडा, एकाचंही नाक कधी पुसलं नसावं.

मी शिवणाच्या लाइनीत बाह्या जोडायची. माझी तीन वर्षांची मुलगी त्या अठरांतली एक होती. म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं, आणि पुढे जे झालं त्यात माझाही हात होता. ते सांगायला नको वाटतं, पण ते वगळलं तर उरलेलं सांगण्यात काही अर्थ नाही.

सुरुवातीला मावशीने तेच केलं जे तिच्या आधीची बाई करायची. मुलांना भिंतीला टेकवून रांगेत बसवलं आणि माझ्यामागून म्हणा, असं सांगितलं. चार मुलं म्हणायची, दोन झोपायची, एक चावायचा, बाकीची दाराकडे बघून आईच्या नावाने गळा काढायची. मावशी ओरडायची. आमच्या मशिनांच्या आवाजातही तिचं ओरडणं ऐकू यायचं, आणि आम्ही म्हणायचो, चला, शिकवणं चाललंय.

बदल झाला तो तिच्या हातामुळे. दुसऱ्या कशामुळे नाही. पुढे लोकांनी तिला तऱ्हेतऱ्हेने विचारलं, तेव्हाही तिने हेच सांगितलं. तिला मुलांची बटणं लावता यायची नाहीत. शू करून आलेलं मूल समोर उभं राहायचं, चड्डी हातात धरून, आणि हिचा अंगठा नि करंगळी त्या बटणाशी झटापट करत बसायची. एकाचं होईपर्यंत तिघं रांगेत. एक दिवस ती वैतागली आणि माझ्या मुलीला म्हणाली, तुझं तू लाव.

माझी मुलगी खाली बसली. फ्रॉकला पुढे पाच बटणं होती. पहिलं बटण लावायलाच तिने इतका वेळ घेतला की मावशीला मध्येच दुसऱ्या मुलाकडे जावं लागलं. परत आली तर पोरगी तशीच, जीभ बाहेर काढून, हनुवटी छातीला लावून. पाचही लावून झाल्यावर तिने मान वर केली नाही, मावशीकडे बघितलं नाही. तिने पाचही बटणं पुन्हा काढली आणि पुन्हा लावायला घेतली. असं सात वेळा. बाजूला चावणारा रडत होता, कॅन्टीनमध्ये भांडी आपटत होती, पण हिला त्यातलं काही ऐकू जात नव्हतं. मावशी मला म्हणाली, "मी इतकी वर्षं कारखान्यात काढली, पण एवढं मन लावून काम करणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी मला फ्रॉकला हात लावू देईना. हजेरीच्या घंटेला दहा मिनिटं होती. मी तिला एक चापट मारली आणि बटणं स्वतः लावली.

त्यानंतर मावशीने शिकवणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. ती एका स्टुलावर बसायची आणि बघायची. कोण कशाकडे जातो, कोण कशात रमतो, कोण कुठे अडतो. मग त्याप्रमाणे एकेक वस्तू खोलीत यायला लागली. आमच्याकडे वाया गेलेली मोठी बटणं आणि काजं पाडलेल्या पट्ट्या. कापडाचे तुकडे, खरखरीत, गुळगुळीत, जाड, पातळ. पॅकिंगमधल्या सुताराच्या मागे लागून तिने टेबलाचे पाय गुडघ्याएवढे कापून घेतले, त्यावरून स्टोअरवाल्याने आरडाओरडा केला. कॅन्टीनमधून पाण्याचा एक जग आणि छोटे काचेचे कप आणले. मुलं फोडतील, असं सगळ्यांनी सांगितलं. पहिल्या आठवड्यात चार फुटले. मावशी म्हणायची, प्लॅस्टिकचा कप पडला तर मुलाला काही कळत नाही. काचेचा पडला की कळतं. नंतर महिन्यात एखादा फुटायचा.

नियम तिने दोनच ठेवले. दुसऱ्याला मारायचं नाही. आणि कोणी मन लावून काही करत असेल तर त्याला मध्येच तोडायचं नाही. दुसरा नियम मुलांना आठवड्यात समजला. आम्हा आयांना शेवटपर्यंत समजला नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही धावत जायचो, अर्ध्या तासाची सुट्टी, त्यात डबाही खायचा. दारातूनच हाक मारायची, तर मावशी ओठावर बोट ठेवायची. माझं मूल, नऊ महिने मी वाहिलेलं, आणि ही मला थांब म्हणतेय. राग येणार नाही तर काय? एकदा मी पाच मिनिटं दारात उभी राहिले, कारण माझी मुलगी कापडाच्या चौकोनी घड्या घालत होती. तिने शेवटची घडी घातली, हाताने दाबली, जागेवर ठेवली आणि मग माझ्याकडे पळत आली. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, पोरगी परकी झाली.

धागे कापणाऱ्या बाईची मुलगी साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. सगळे तिला मुकी म्हणायचे, तिच्या आईसमोरसुद्धा. या मुलीने जगमधून पाणी ओतायचं काम निवडलं. जगमधून कपात, कपातून जगमध्ये. अकरा दिवस. सांडलं की फडकं आणून ती स्वतःच पुसायची आणि पुन्हा सुरू. मावशीला कॅन्टीनचा मुकादम म्हणाला, त्या पोरीला पाण्याचं वेड लागलंय, जग उचलून ठेव. मावशीने ठेवला नाही. बाराव्या दिवशी मुलीने टेबलावर कप मांडायला घेतले. सतरा कप. मावशीने मुलं मोजली. अठरांतला एक ताप आल्यामुळे आला नव्हता. मावशीला वाटलं, हा योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला. अठरा कप मांडले गेले. त्यानंतर एकाही दिवशी तिची गणती चुकली नाही, आणि तिला एक-दोन-तीन कोणी शिकवलं नव्हतं, ते म्हणायला तिच्या तोंडात शब्दही नव्हता.

मावशी हे तिच्या आईला सांगायला लाइनीवर आली. चेहरा असा फुललेला, जणू स्वतःच्याच घरात काही चांगलं घडलंय. धागे कापणारीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कप मांडते, पाणी भरते, फरशी पुसते. माझी पोरगी मोलकरीण व्हायचं शिकतेय तर."

आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. त्या हसण्यात थोडी भीती होती, कारण तिने आमच्या मनातलं बोलून दाखवलं होतं. आम्ही दिवसभर बटणं लावणार, घड्या घालणार, टेबलं पुसणार, आणि आमची मुलं भिंतीपलीकडे बसून तेच करणार? आम्ही मरमर मरत होतो ती पोरांच्या हातात पुस्तक यावं म्हणून. फडकं यावं म्हणून नाही.

मी एकदा मावशीला हे तोंडावर विचारलं. माझी कामाची पाळी संपली होती, मुलीची चप्पल सापडत नव्हती आणि आम्ही दोघी टेबलाखाली वाकून ती शोधत होतो. मी म्हटलं, मावशी, तू यांना अक्षरं का नाही शिकवत? तुला येतात ना?

"येतात," ती म्हणाली. "माझ्या मुलाला शिकवली होती."

तिचा मुलगा मला माहीत होता. ट्रक चालवायचा, उंचापुरा माणूस, आणि बोलताना अडखळायचा. नुसता अडखळायचा असं नाही, शब्दाशी अडला की त्याचा सगळा चेहरा वाकडा व्हायचा आणि समोरच्याला दुसरीकडे बघावं लागायचं.

"चार वर्षांचा होता," मावशी सांगू लागली. "मला फार हौस. शेजारणीचा मुलगा शंभरपर्यंत म्हणायचा, माझा का नाही? रोज संध्याकाळी समोर बसवायची. चुकला की पट्टी. हा हात तेव्हा चांगला होता. अडुसष्टनंतर एकोणसत्तर त्याला आठवायचं नाही. तिथं आला की आधीच माझ्या हाताकडे बघायचा. महिन्याभरात शंभरपर्यंत आला तो. मी सगळ्या आळीला म्हणून दाखवायला लावलं. आणि त्याच पावसाळ्यात त्याचं बोलणं अडायला लागलं."

मी म्हटलं, तसं काही नसतं, काही मुलं जन्मतःच अडखळतात.

"असेल," ती म्हणाली. "डॉक्टरही तेच म्हणाले. पण मी बघत होते ना, तो कुणाकडे बघायचा ते."

चप्पल खिडकीत सापडली. मुलीने ती पुसून तिथे वाळत ठेवली होती.

पुढच्या वर्षी मी मुलीला मोठ्या शाळेत घालायला नेलं. कारखान्यापासून दोन थांब्यांवरची शाळा, चांगली म्हणतात तशी. मुलांची आधी मुलाखत घ्यायचे. लाकडी पॉलिशचा वास येणारी खोली, टेबलापलीकडे दोन शिक्षिका, कोपऱ्यात माशांची पेटी. त्यांनी मुलीला चित्र दाखवलं आणि हे काय, म्हणून विचारलं. छत्री होती. मुलगी माशांकडे बघत होती. मग रंगांची नावं विचारली. तिने एका बाईंना विचारलं, "त्या माशाला एकच डोळा आहे की दुसरा पलीकडे आहे?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी आकडे म्हणायला सांगितले. मुलगी खुर्चीवरून उतरली, पेटीच्या पलीकडच्या बाजूला गेली, नीट बघून परत आली आणि म्हणाली, "आहे." मी टेबलाखालून तिच्या मांडीला चिमटा काढला. तिला रडू आलं आणि मुलाखत संपली.

मूल अजून तयार नाही, असं त्यांनी सांगितलं. आधी कुठे जात होती, असंही विचारलं. मी म्हटलं, कारखान्याच्या पाळणाघरात. एका बाईंनी दुसऱ्या बाईंकडे बघितलं. तेवढंच. पण परतताना बसमध्ये मला ते बघणं मुलाखतीपेक्षा जास्त लागलं.

त्या वर्षी आमच्या पाळणाघरातली तीन मुलं अशा मुलाखतींना गेली होती, तिन्ही नापास होऊन परत आली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बायका जमलो. मॅनेजरसाहेबांना अर्ज द्यायचा ठरलं. मुलांना शिकवणारी, शिकलेली बाई हवी, एवढंच मागायचं होतं. माझं अक्षर बरं म्हणून कागद माझ्याकडे आला. मी लिहिलं की मुलांना काही शिकवलं जात नाही. लिहिलं की बाई दिवसभर बसून असतात. मग वाटलं, एवढ्याने साहेब हलायचे नाहीत, काहीतरी जोरदार हवं. आणि मी लिहिलं, 'मुलांकडून कामे करून घेतात.'

कोणी मला सांगितलं नव्हतं. ते वाक्य माझं. बाकीच्यांनी वाचलं आणि एकवीस जणींनी खाली सह्या केल्या. बाविसावी माझी.

ज्यांच्यासाठी आम्ही शर्ट शिवायचो त्या कंपनीची माणसं वर्षातून दोनदा तपासणीला यायची. पंखे आहेत का, संडास स्वच्छ आहेत का, आणि सगळ्यात आधी, कारखान्यात मुलं कामाला नाहीत ना. तो अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचला तेव्हा पंधरा दिवसांवर तपासणी होती. साहेब त्या दिवशी पहिल्यांदा पाळणाघरात शिरले. समोर काय होतं? शर्टाची बटणं. काजाच्या पट्ट्या. कापडाच्या घड्या घालणारा चार वर्षांचा मुलगा. बोथट सुईत दोरा ओवणारी माझी मुलगी. साहेबांचा चेहरा पांढरा पडला, असं मुकादम सांगत होता. त्यांनी तिथल्या तिथे सगळं दोन पोत्यांत भरायला लावलं. मुलं बघत राहिली. मुकी पाण्याच्या जगचा कान सोडेना. मुकादमाने तिची बोटं एकेक करून सुटी केली.

मावशीची चौकशी साहेबांच्या केबिनमध्ये झाली. आमच्यातर्फे एक कामगार प्रतिनिधी होती, तिच्याकडून मला कळलं. साहेबांनी विचारलं, बाई, तुम्ही या मुलांकडून बटणाचं काम कधीपासून करून घेताय? मावशी म्हणाली, "मी काही करून घेतलं नाही. ती आपापली करायची. मी काहीच करत नव्हते."

मग तुम्हाला इथे ठेवलं होतं कशाला, असं साहेबांनी विचारलं. मावशी म्हणाली, बघायला. केबिनमधले दोघं-तिघं हसले. कागदावर मात्र जे नोंदलं गेलं ते प्रतिनिधीने स्वतः वाचलं: 'आपण काहीच करत नव्हतो असे बाईंनी कबूल केले.' त्याखाली मावशीने डाव्या हाताने सही केली. हलक्या कामातही कसूर, या कारणावरून तिला काढलं.

जाताना तिला मुलांना भेटू दिलं नाही. ती फाटकाशी थोडा वेळ उभी होती. आम्ही लाइनीत होतो, उठता येत नव्हतं. खरं म्हणजे सुट्टी झाल्यावरही कोणी गेलं नाही.

नवीन मॅडम आल्या. शिकलेल्या, स्वच्छ, स्वभावानेही वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. खोलीला पिवळा रंग लागला, भिंतीवर तक्ते आले, अठरा छोट्या खुर्च्या फळ्याकडे तोंड करून मांडल्या गेल्या. कप प्लॅस्टिकचे आले आणि ते कॅन्टीनची बाई मांडायला लागली. पहिल्या दिवशी मुकी उठून नळाकडे गेली. मॅडमनी तिला हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं. ती पुन्हा गेली, पुन्हा आणली. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवसापासून ती उठली नाही. खुर्चीतच शू करायला लागली, पण ते तिसऱ्या आठवड्यात थांबलं. दोन महिन्यांत ती बोलली. सगळ्यांबरोबर एका सुरात आकडे म्हणायला लागली, एक ते वीस. तिची आई लाइनीवर येऊन रडली आणि तिने सगळ्यांना चहा पाजला.

मी एकदा त्या मुलीपुढे तिच्या आईच्या डब्यातल्या वाट्या ठेवल्या आणि विचारलं, आपण पाच जणी आहोत, किती वाट्या लागतील? ती माझ्याकडे बघत म्हणायला लागली, एक, दोन, तीन, चार, आणि विसापर्यंत म्हणून थांबली. वाट्यांकडे तिने बघितलंच नाही. मी वाट्या उचलून ठेवल्या आणि हे कोणाला बोलले नाही.

माझी मुलगी दुसऱ्या मुलाखतीत पास झाली. छत्रीला छत्री म्हणाली. त्या शाळेत ती शहाणी मुलगी म्हणून ओळखली जायची, कारण सांगितलेलं सगळं करायची आणि न सांगितलेलं काही करायची नाही. गृहपाठ संपला की वही मिटून माझ्यापुढे उभी राहायची आणि विचारायची, आता काय करू? खेळ, म्हटलं तर विचारायची, काय खेळू? आज ती एका कचेरीत कामाला आहे. चांगली नोकरी आहे, लग्नाचं चाललंय. परवा तिने फोन करून मला विचारलं की तिला स्वतःला निळा रंग आवडतो की हिरवा. मला आठवत असेल, असं तिला वाटलं. सगळंच काही एका खोलीमुळे होत नसतं, हे मला समजतं. मीही तिला कमी दामटलं नाही. पण माशाचा दुसरा डोळा बघायला खुर्चीवरून उतरलेली पोरगी माझीच होती, आणि चिमटाही माझाच होता.

मावशीचं पुढे असं झालं. तिने घरच्या खोलीत चार मुलं सांभाळायचा प्रयत्न केला. पण मुलांकडून कामं करून घेणारी बाई, हे नाव आमच्या सगळ्या वस्तीत पोचलं होतं. कोणी मूल पाठवेना. ती मुलाकडे राहायला गेली. तो तिला कधी घालूनपाडून बोलला नाही, फारसं काहीच बोलला नाही. मग मला बरीच वर्षं तिची खबर नव्हती.

कारखाना सोडल्यावर मी घरी शिवण सुरू केलं. शहराच्या नव्या भागात, उंच इमारती झाल्या तिकडे, लहान मुलांची एक शाळा निघाली होती. त्यांना मुलांसाठी तीस एप्रन हवे होते, म्हणून मापं घ्यायला मी गेले. चपला बाहेर काढून आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबले. गुडघ्याएवढी टेबलं. काचेचे छोटे जग, काचेचे कप. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या पट्ट्या, त्यांना मोठी बटणं, आणि एक मुलगा हनुवटी छातीला लावून बटण लावत होता. दुसरी मुलगी पाणी ओतत होती. सगळं परदेशातून मागवलेलं होतं. मला शाळा दाखवणाऱ्या तरुण बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, मुलांना मध्येच तोडायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. इथे प्रवेशासाठी दोन वर्षं आधी नाव घालावं लागतं, डॉक्टर-वकिलांची मुलं येतात, असंही त्यांनी सांगितलं.

कोपऱ्यात एक म्हातारी फडक्याने फरशी पुसत होती. उजवा हात पोटाशी धरलेला, पुसणं डाव्याने. मी ओळखलं त्याआधी तिने मला ओळखलं.

तिची सुट्टी झाल्यावर आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसलो. ती तिथे तीन वर्षं झाडायला-पुसायला होती. मुलांशी बोलायची तिला परवानगी नव्हती, त्यासाठी शिकलेली माणसं होती. मी विचारलं, मावशी, बरं चाललंय का इथे?

"चांगलं आहे," ती म्हणाली. "मुलं सांडतात आणि मी पुसते. खरं तर त्यांनी पुसायला हवं. पण बाईंना पुढच्या कामाची घाई असते." मग म्हणाली, "सामान फार सुरेख आहे त्यांचं. मी रोज पुसून ठेवते."

तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं की आपणही असं काही केलं होतं. कोण विश्वास ठेवणार, म्हणाली. मग ती जुन्या गोष्टी काढत बसली. चावणारा आता काय करतो, मुकी कुठे असते. मुकीचं लग्न झालं, मी सांगितलं, एका घरी स्वयंपाकाला जाते. मावशीने मान हलवली. अर्जाचा विषय तिनेच काढला. म्हणाली, तुम्हा बायकांवर माझा राग नाही. शिकवणारी बाई मागितली तुम्ही, आपल्या मुलांसाठी कोणीही मागेल. पण ते कामं करून घेतात असं जे वाक्य होतं, ते साहेबांनीच मागाहून घुसवलं. मी त्या दिवसापासून धरून आहे, तुमच्यातली कोणी तसं लिहिणार नाही. तुम्ही रोज दारातून बघत होतात.

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. आजही मला कळत नाही, मी बोलले ते तिच्यासाठी की माझ्यासाठी.

"मावशी," मी म्हटलं, "ते मीच लिहिलं होतं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं की मला तपासणीचं ध्यानात नव्हतं, इतकं होईल असं वाटलं नव्हतं, शाळेत अपमान झाला होता, त्या रागात लिहिलं. हे सगळं मी एका दमात बोलले आणि मला ऐकू येत होतं की कोणीही कशासाठीही द्यावीत अशीच ही कारणं आहेत. मावशीने पायरीवरची पिशवी उचलली. डाव्या हाताने कठडा धरून उठली. तिला उठायला वेळ लागला. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

आठवड्याने मी एप्रन द्यायला गेले. पार्सल घ्यायला तीच दारात आली. गाठोडं आत घेतलं, तीसच हवे होते ना, एवढं ऑफिसातल्या बाईंना विचारून आली, पावती माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मी त्या शाळेसाठी आणखी दोनदा शिवलं. दोन्ही वेळा तिने दार उघडलं, आणि दोन्ही वेळा, कोण हवंय, असं परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं. मी सांगितलं, एप्रनवाली.